रिकामे रकाने

"इंगेलिस, तुझा गोचीडताप पंधरावा आला गं," प्रेबेन खुर्ची न वळवताच म्हणाला. "दहात बसवायचा तर पाच जणांना ढकलावं लागेल. लाव जोर."

"माझा कसला? माझ्या नवऱ्याचा."

"तेच ते."

प्रेबेन आणि मी सोळा वर्षे एकाच खोलीत बसतो. त्याच्या बोलण्याचा मी राग मानत नाही. त्या सोमवारी मात्र हातातला राय ब्रेड तसाच डब्यात ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पंधरावा! मला वाटले होते सातवा-आठवा तरी येईल.

आमचे काम सांगायला सोपे आहे. चोवीस देशांच्या डॉक्टरांनी एकोणतीस आजारांना शून्य ते दहा गुण द्यायचे. सरासरीने पहिले दहा आले की पुढची सात वर्षे सगळ्या देशांनी त्यांच्याकडे लक्ष द्यायचे, म्हणजे रुग्ण मोजायचे, डॉक्टरांना शिकवायचे, औषधे शोधायची. अकराव्याने बसावे वाट बघत. गुणांचा तक्ता मी बनवते. मी डॉक्टर नाही, कोपनहेगनच्या या कचेरीतली कारकून आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होणारी. तक्त्यांच्या बाबतीत माझा हात धरणारे कोणी नाही असे सगळे म्हणतात. खरे तर मीही म्हणते.

आणि आक्सेल, माझा नवरा. फरशा बसवायचा. पाच वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या बहिणीच्या कॉटेजवर गेलो असताना त्याला गोचीड चावली. मग ताप, मेंदूला सूज, आणि उजवा हात खांद्यापासून गेला तो गेलाच. तीन आठवडे इथले डॉक्टर सांगत राहिले, हा आजार आपल्याकडे नसतो. चौथ्या आठवड्यात एका लाटव्हियन नर्सने नुसते बघून ओळखले. त्या तीन आठवड्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाईल असे वाटतही नाही.

यादी सोमवारी दुपारी देशांना गेली. आमच्याकडे यादी पक्की करायची पद्धत अशी की कोणी काही बोलायचे नाही. गुरुवारी चार वाजेपर्यंत एकाही देशाने आक्षेप घेतला नाही तर ती मंजूर. एकाने जरी तोंड उघडले तर सगळे पुन्हा बघायचे. कचेरीतल्या माणसांना मात्र आक्षेप घेता येत नाही, आम्ही कोणत्याच देशाचे नसतो ना. इतक्या वर्षांत मी दोनदाच कोणाला तोंड उघडताना पाहिले आहे.

मंगळवारी मला बसवेना. लाटव्हियाने नऊ गुण दिले, स्वीडनने आठ, मग पंधरावा कसा? प्रेबेन कॉफीला गेल्यावर मी तक्ता उघडला. गोचीडतापाच्या ओळीत नऊ देशांचे रकाने रिकामे होते. तिथे या आजाराची नोंदच करत नाहीत, तर गुण कुठून देणार? आणि माझ्या तक्त्याने त्या नऊ रिकाम्या रकान्यांना शून्य धरून चोवीसने भागले होते.

माहीत नाही आणि काहीच नाही, या दोन गोष्टी मी एक करून टाकल्या होत्या. मी! कान गरम झाले. दिवसभर मी उगाच जिना चढत-उतरत राहिले, दोनदा चुकीच्या मजल्यावर गेले.

बुधवारी प्रेबेनला सांगितले. त्याने दार लोटून घेतले.

"गप्प बस."

"अरे, पण चूक आहे."

"चूक आहे हे तुला आणि मला माहीत. बाहेर काय दिसणार? इंगेलिसच्या नवऱ्याचा आजार यादीत आला नाही, म्हणून इंगेलिसला अचानक चूक सापडली. थू करतील तुझ्या तोंडावर. सोळा वर्षांचं नाव घालवशील एका गोचिडीपायी."

"आणि आक्सेल?"

"आक्सेलचा हात यादीनं परत येणार आहे का?"

हे त्याने बोलायला नको होते. पण खोटे नव्हते, म्हणून जास्तच लागले. रात्री कूस बदलून बदलून अंग दुखायला लागले, आणि आक्सेलला मी काही सांगितले नाही.

गुरुवारी दोन वाजता शेवटी धीर करून सगळा तक्ता नव्याने मांडला. रिकामे रकाने सोडून दिले, ज्यांनी गुण दिले तेवढ्यांचीच सरासरी काढली. गोचीडताप वर सरकला, चौदा, तेरा, बारा, अकरा. तिथे थांबला.

मी तीनदा ताळा घेतला. अकराच.

आणि तेराव्यावरून नवव्यावर गेला तो बाळांचा सिफिलिस, आईकडून पोटातल्या बाळाला होणारा. उष्माघात दहातून बाहेर पडला.

खरे सांगते, मला फार वाईट वाटले. बाळांचे भले झाले म्हणून बरे वगैरे काही वाटले नाही. दोन दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता ते मिळणारच नव्हते. आता तोंड उघडले तर पदरात पडणार फक्त नाचक्की. तक्ता बंद करून घरी जावे, असे मनात आलेही. कोट घातला. परत काढला. परत घातला. साडेतीन वाजले तेव्हा मी जिन्यात होते, आणि पाय वरच्या मजल्याकडे निघाले होते.

वर ऊफे बसतो, डेन्मार्कच्या वतीने गुण देणारा डॉक्टर. सायकलचे हेल्मेट घालून निघायच्या बेतात होता.

"ऊफे, यादी थांबवायला हवी."

"हे तू मला सांगायचं नसतं, इंगेलिस. कचेरीनं देशाच्या कानात बोलायचं नसतं."

"माझ्या तक्त्यात चूक आहे, एवढंच सांगते. रिकामा रकाना मी शून्य धरला."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "म्हणजे आता आक्सेलचा आजार आत येतो."

ज्या वाक्याला मी दोन दिवस घाबरत होते ते हेच.

"नाही येत. अकरावा."

"मग?" तो खरोखरच गोंधळला. "मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस गं? राहिलंय एक वर्ष."

"बाळांचा सिफिलिस आत येतो."

"त्याला आपण किती दिले होते?"

"काही नाही. तू रिकामं सोडलं होतंस."

ऊफे एकदम खजील झाला. "आपल्याकडे नसतो तो," तो हळूच म्हणाला. "म्हणजे, नसेल असं वाटलं."

"आक्सेलला तीन आठवडे हेच सांगत होते."

तो हेल्मेट तसेच डोक्यावर ठेवून बसला आणि संगणक चालू केला. चाराला बारा मिनिटे होती.

"चूक कुणाची म्हणून लिहू?"

"माझी. नाव घाल."

"नुसतं 'कचेरीची' म्हटलं तरी चालेल."

"नाव घाल, ऊफे."

त्याने घातले. आक्षेपाचे पत्र चोवीस देशांना गेले.

पुढच्या आठवड्यात यादी नव्याने मंजूर झाली. अध्यक्षांनी मला आभाराचे छान पत्र पाठवले आणि त्यातच, शेवटच्या ओळीत, तक्त्यांचे काम यापुढे प्रेबेनकडे राहील असे कळवले. माझ्याकडे पाहुण्यांची हॉटेले आणि विमाने आली. "मी मागितलं नव्हतं हं," प्रेबेन म्हणाला. मला ठाऊक होते. दुपारी त्याने एक कठीण ओळ विचारायला खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारता विचारता लाजला.

त्या दिवशी मी घरी लवकर गेले. आक्सेलने दार उघडले. मी उंबऱ्यावरच, कोटसुद्धा न काढता, सगळे सांगून टाकले. सोमवारपासूनचे, पंधरापासून अकरापर्यंतचे.

"आणि घेतात किती?"

"दहा."

"अरेच्चा! थोडक्यात हुकलो की."

त्याला हसू आले. मला रडू आले.

"आणि ती बाळं," थोड्या वेळाने तो म्हणाला, "किती आहेत गं?"

"कुणालाच माहीत नाही. अजून मोजलेलीच नाहीत."

"मग आता मोजतील."

"हो."

"बरं झालं," तो म्हणाला. मग त्याने डाव्या हाताने माझ्या खांद्यावरचा कोट उतरवला आणि खुंटीला अडकवू लागला. एकदा सुटला, दुसऱ्यांदा सुटला. मी मधे हात घातला नाही. तिसऱ्यांदा तो अडकेपर्यंत दारात उभी राहिले.