कोंडूचा चिरा

मुरबाडहून सिद्धगडाकडे निघालात की करवळवाडीच्या फाट्यावर डाव्या हाताला एक निळी पाटी लागते. लोक गाडी थांबवून तिच्याशेजारी फोटो काढतात. पाटीवरचा मजकूर माझा आहे. 'सतराव्या शतकात गडाच्या रक्षणार्थ लढताना पडलेल्या अनाम घोडेस्वाराचे स्मारक.' त्यातलं स्मारक तेवढं खरं, बाकी सगळ्या माझ्या थापा.

सत्त्याण्णव साल होतं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून जिकडेतिकडे इतिहास शोधायची टूम निघाली होती. मी शहापूरचा, करवळवाडीच्या शाळेत मास्तर, वय तेहतीस, आणि आपण इथे कुजतोय अशी माझी पक्की समजूत. फाट्यावर शेंदराने माखलेला एक दगड उभा होता. एका रविवारी मी तारेच्या ब्रशने त्याचा शेंदूर खरवडला. आतून घोडा निघाला, घोड्यावर माणूस, माणसाच्या हातात तलवार. मागच्या बाजूला खाली काहीतरी कोरलेलं होतं, ते मी गदा म्हणून वहीत उतरवून घेतलं. वाडीत कुणाला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ज्यांच्या पोरांना मी बाराखडी शिकवतो, ते मला कसला इतिहास सांगणार!

एका साप्ताहिकात माझा लेख छापून आला. मग समिती झाली, पाटी झाली, दगडाभोवती लोखंडी कुंपण आलं आणि कुंपणाला कुलूप. 'शेंदूर लावण्यास सक्त मनाई' ही ओळही मीच घालायला लावली. उद्घाटनाला मला शाल मिळाली आणि मी ती आठवडाभर मिरवली.

चौथ्या दिवशी धोंडूबाई शाळेत आली. पन्नाशीची बाई, तिसरीतल्या वैष्णवीची आजी. हातात नारळ होता. भांडायलाच आली असणार म्हणून मी आधीच आवाज चढवला. तिने मला बोलू दिलं आणि मग म्हणाली, "गुरुजी, तो माजा बाप हाय."

बापाचं नाव कोंडू. छप्पन्न साली हा रस्ता होत होता तेव्हा तो खडी फोडायला होता. फाट्यावरच्या कातळाला सुरुंग लावले होते, त्यातला एक उशिरा उडाला आणि कोंडू दगडांखाली गेला. ही तेव्हा बारा वर्षांची होती. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने चिरा बसवतात, तसा घरच्यांनी तो तिथेच बसवला. पाथरवटाने आठवण म्हणून मागे कोंडूचा घणही कोरला. माझी गदा ती हीच. घरात लग्न निघालं की पहिला नारळ चिऱ्याला फुटतो, आणि तिच्या धाकट्या मुलाचं लग्न पुढच्या आठवड्यात होतं.

खडी फोडणारा गडी घोड्यावर कधी बसला, असं मी कुत्सितपणे विचारलं.

"मेलेल्याला लांब जायचं असतं," ती म्हणाली. "पायी किती चालंल तो? आमी समद्यांनाच घोडा देतो."

ती खरं बोलतेय हे मला त्याच क्षणी कळलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नको, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

तिचं मागणंही फार नव्हतं. नारळ आम्ही कुंपणाबाहेर फोडू, पाटीवर बापाचं नाव तेवढं लिहा, एवढंच ती म्हणत होती. एका शब्दाचं काम. पण तो शब्द लिहिला असता तर माझा घोडेस्वार गेला असता, लेख गेला असता, शाल हसण्यावारी गेली असती. मी तिला पुराव्याचा कागद आणायला सांगितलं. ती बांधकाम खात्याच्या कचेरीत चार खेपा घालून आली. इतके जुने हजेरीपट आता कुठले, असं सांगून तिला वाटेला लावलं होतं. मग मी साक्षीदार मागितला. तिने रघूला आणलं. रघू कोंडूच्या शेजारीच खडी फोडत होता, आणि त्याच सुरुंगाने त्याचे कान गेले होते. ज्याला प्रश्नच ऐकू येत नाही त्याची साक्ष धरत नाहीत, असं मी म्हणालो. हा नियम मी जागच्या जागी तयार केला. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत हसत होता, त्याला वाटलं काम झालं. धोंडूबाईने त्याला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. त्यानंतर ती आली नाही. त्याच वर्षी मला पुरस्कार मिळाला.

वैष्णवी सातवीत आली तोवर माझा घोडेस्वार आमच्या पोरांच्या अभ्यासात शिरला होता, अर्थात मीच शिरवला होता. सहामाहीला प्रश्न घातला, फाट्यावरचे स्मारक कोणाचे? सगळ्या वर्गाने माझं वाक्य लिहिलं. वैष्णवीने लिहिलं, 'ते माझे पणजोबा कोंडू यांचे आहे. ते रस्ता बांधताना वारले.' मी लाल पेनाने त्यावर फुली मारली. वर सगळ्या वर्गासमोर तिला उभं करून सांगितलं की घरच्या गोष्टी पेपरात लिहायच्या नसतात, वार्षिकला हेच लिहिलंस तर नापास करीन. पोरगी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला आजही त्या बघण्याचा राग येतो, आणि राग तिचा नाही हेही मला ठाऊक आहे.

वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी धोंडूबाई आली. चार वर्षांनी. आत या म्हटलं तरी पायरीवरच उभी राहिली.

"पोरीला नापास करू नका, गुरुजी," ती म्हणाली. "आता ती बरोबर लिवंल. मीच पाठ करून घेतलंय तिच्याकडनं."

तिला स्वतःला अक्षर येत नाही. वैष्णवी वहीतला घोडेस्वाराचा मजकूर वाचून दाखवायची आणि ही तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची, असं महिनाभर चाललं होतं. मला विश्वास वाटावा म्हणून तिने तो सगळा मजकूर माझ्यासमोर उभ्याने म्हटला. एक शब्द चुकली नाही.

"आन् कुणी इचारलं, चिरा कुणाचा, तर आमाला ठावं नाय म्हणून सांग, असं बोललेय तिला," ती म्हणाली. "बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.