विरोधी मत

ओरुरोच्या तंत्रविद्यापीठाचा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये, खोकणाऱ्या बॉयलरशेजारी झाला. त्यानंतरची त्याची वाढ तिथले जुने प्राध्यापक इंजिनिअर एलिओदोरो कोंदार्को यांना बराच काळ मान्य होती. खाणशास्त्र आलं, धातुशास्त्र आलं, वीज आली. मग व्यवस्थापनाची शाळा निघाली. विद्यापीठाच्या परिषदेत विरोधात हात वर करणारे कोंदार्को एकटेच. दुकान टाकायला पदवी कशाला, असं त्यांनी विचारलं. शाळेने काचेची चार मजली इमारत उभी करून उत्तर दिलं. आता खाणशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा बाकं जास्त, आणि काचेच्या दारापुढे प्रवेशाच्या रांगा. त्या इमारतीत पाऊल ठेवणार नाही, हे कोंदार्कोंनी जाहीर करून टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं तरी.

मुलं मोठी होऊन पांगल्यावर कोंदार्कोंच्या बायकोने, नीवेसने, नेमकं तिथेच नाव घातलं. कोंदार्कोंनी ते सूपाबरोबर गिळलं.

आता ती पदवीधर झाली होती. पदवीधराला हात धरून मंचावर नेणारा आणि छातीवर पदक लावणारा पाद्रिनो लागतो. नीवेसने जेवताना विषय काढला. तुझ्या भावाला सांग, पोतोसीहून येईल, सूटही आहे त्याच्याकडे, असं कोंदार्को म्हणाले. शिवाय आपलं एक तत्त्व आहे.

"मी तत्त्वाला बोलवत नाहीये, अहो. तुम्हाला बोलवतेय," नीवेस म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

समारंभाला भाऊच सूट घालून तिच्याशेजारी रांगेत उभा राहिला. नीवेसचा नंबर आला तेवढ्यात काचेच्या दारातून कोंदार्को आत शिरले, टाय एका बाजूला गेलेला. मेहुण्याने बाजूला होऊन जागा दिली.

नावं पुकारणारे कुलसचिव त्यांचे जुने सहकारी. "वाट चुकलात का, इंजिनिअर?" त्यांनी माइक झाकून विचारलं. मग माइकवर, "पदवीधराशी नातं?"

"नवरा," कोंदार्को म्हणाले. "विरोधी मताचा."

सभागृह हसलं. नीवेस हसली नाही. तिने त्यांचं कोपर घट्ट धरलं.

पदकाची पिन बारीक होती. उभी हयात बोल्ट आवळलेल्या बोटांना ती दाद देईना. मागची रांग खोळंबली, बँडवाल्यांनी तीच धून पुन्हा सुरू केली. भाऊ मदतीला पुढे सरकला, तेव्हा नीवेसने मानेनेच त्याला नको म्हटलं. तिला कसलीही घाई नव्हती.