एकच तर गोणी

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे, आणि तीही सिमेंटची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शाळेत तुम्ही तलवारीचं मनोगत लिहिता, वडाच्या झाडाचं लिहिता, फाटक्या पुस्तकाचंही लिहिता. गोणीचं कोणी लिहीत नाही, म्हणून माझं मलाच सांगावं लागतंय.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून मला बनवलं, पोटात सिमेंट भरलं, तोंड शिवलं आणि ट्रकमध्ये टाकलं. मिरजोळे गावाच्या बऱ्याच पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीत मी उतरले. तिथे गोदाआजीचा मुलगा सागर स्लॅबचं घर बांधत होता. सागर राहतो विरारला. गणपतीला आणि मे महिन्यात यायला म्हणून हे घर. त्याने दोन न्हाणीघरं काढली, वर भलीमोठी टाकी बसवली. टाकीत पाणी कुठून येणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. माणसांची ही तऱ्हा मला तेव्हापासून माहीत आहे.

रिकाम्या झालेल्या माझ्या बहिणी गवंड्याने जाळून टाकल्या. मला गोदाआजीने उचललं आणि पऱ्यावर नेऊन धुतलं. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. मग मी कधी कोंडा सांभाळला, कधी शेणी वाहिल्या, पावसात आजीच्या डोक्यावर बसून शेतातही गेले. त्याची तक्रार नाही. पण माझं खरं काम दिवाळीनंतरचं. भात झोडून झालं की पऱ्यावर बंधारा घालायचा. गोण्यांत माती भरायची, सुतळीने तोंडं आवळायची, भिंतीतल्या चिऱ्यांसारख्या त्या एकावर एक रचायच्या आणि फटी चिखलाने लिंपायच्या. पाणी अडतं, मागे डोह भरतो, शेजारच्या विहिरींचे झरे टिकतात.

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की चार महिने माणसं त्याच्या नावाने बोटं मोडतात. आणि मे महिन्यात तीच माणसं हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभी! सगळं पाणी समुद्रात जाऊ द्यायचं. समुद्राला काय कमी आहे?

सागरची मुलगी सानवी विरारला पोहण्याच्या क्लासला जाते. गेल्या मे महिन्यात ती पोहण्याचा पोशाख घेऊन नाचत आली. त्या साली बंधारा धड झालाच नव्हता. पऱ्यात पाहते तर नुसते गोटे. वर आंघोळीला मोजून एक बादली. दोन-तीन दिवसांतच ती घरी जाऊ या म्हणून रडायला लागली. आजीला ते फार लागलं.

"तुळसे, आपण या पऱ्यात म्हशीवानी डुंबलो," ती शेजारच्या तुळसाला म्हणाली. "माझ्या नातीला मी गोटे दाखवायचे?"

"नळ येणार बोलतात गो," तुळसा म्हणाली.

"येऊ दे की. नळात पाणी कुठनं येणार, आभाळातनं? हितं पाणी नाय तर ती पोर हितं येणार नाय. मोठी झाली की जमीन विकून मोकळी होईल. मंग तिच्या पोरांना गाव कुठला? कुठलाच नाय!"

यंदा बंधाऱ्याचा निरोप मोबाइलच्या ग्रुपवर फिरला आणि काय आश्चर्य, सगळी वाडी आली. फोटो काढायचे होते ना! मला अर्धंच भरलं, तोंडसुद्धा बांधलं नाही. फोटो झाले, वडापाव झाले, मंडळी गेली. पाणी आमच्या अंगाखालून आरामात वाहत राहिलं. पुढे कितीतरी दिवस गोदाआजी आणि तुळसा दोघीच खपत होत्या. आजीचा गुडघा सुजला, पण शिमग्यापर्यंत डोह असा भरला की तळ दिसेना. आजीने विरारला फोन लावला. "सानू, तुझे ते पवायचे कपडे घेऊन ये गो!" त्या दिवशी मला गोणी असल्याचा अभिमान वाटला.

मग काजूचा हंगाम आला. शेजारच्या भागोजीला बिया भरायला गोणी मिळेना. तो बंधाऱ्यावर आला, इकडेतिकडे बघितलं, "एकच तर गोणी," असं पुटपुटला आणि मला ओढून काढलं. माझ्यातली माती त्याने तिथेच ओतली. दुसऱ्याने शेणखताला एक नेली, तिसऱ्याने मोटारसायकलच्या सीटवर घालायला, चौथ्याने पाय पुसायला. मी भागोजीच्या पडवीत काजूबियांखाली दबून ओरडत होते, पण गोणीचं कोण ऐकतं? चैत्र संपायच्या आत डोह आटला. आजी घरोघरी जाऊन भांडली. जो तो म्हणाला, "मी एकच नेली." आणि ते खरंच होतं. प्रत्येकाने एकच नेली होती.

भागोजी माणूस वाईट नाही. वैताग आहे तो इथेच. काजू विकून झाल्यावर त्याने मला टँकरच्या पाण्याने स्वच्छ धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि परत द्यायला आणलं. आजी ओटीवर बसून फोनवर बोलत होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला.

"सानू, आवंदा नको येऊस गो. पाणी नाय."

"पण तू म्हणालीस ना डोह भरलाय?"

"भरलेला. गेला."

मग सानवी म्हणाली, "आजी, तू टेन्शन नको घेऊस. आम्ही येताना पाण्याच्या बाटल्या आणतो ना. खोकाभर. तुला पण होतील प्यायला."

आजीने फोन मांडीवर ठेवला. जिच्यासाठी पाणी राखायचं म्हणून गुडघा सुजवून घेतला, तीच आता विरारहून आजीसाठी पाणी आणणार होती, तेही या पावसाच्या मुलखात! आजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती पदराने डोळे पुसायला लागली.

"वयनी, तुमची गोणी..." भागोजी म्हणाला.

"धुतलीत कशाला, भावजी?" आजी म्हणाली. "मातीनं भरलेली होती तीच बरी होती."

मित्रांनो, मी प्लास्टिकची. पुरलंत तरी कुजायची नाही. सानवीला नातवंडं होतील तेव्हाही मी कुठेतरी असेन. पऱ्यात पाणी असेल की नाही, ते माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. म्हणून हात जोडून सांगते, आणि हात नसताना सांगते, म्हणजे किती वैतागले असेन बघा. मला धुऊ नका, माझी घडी घालू नका, मला परत आणून देऊ नका. गळ्यापर्यंत मातीने भरा, तोंड आवळून बांधा, आणि जिथे ठेवलंत तिथे मला राहू द्या.