पदराखालच्या चपला

लेकाकडं बेल्जियमला जाऊन आलेल्या सुमनबाई हट्टा गावातल्या घराच्या ओसरीवर शेजारणींना मोबाइलमधले फोटो दाखवत होत्या. जुनी चर्चं, आभाळाला टेकलेले मनोरे. त्यांच्यासोबत गावी आलेली सून राजनंदिनी मांडीवर लेकरू घेऊन बाजूला बसली होती. त्यातल्या एका मोठ्या चर्चच्या दारात सासूबाईंनी चपला काढल्या, तेव्हा लोक बघू लागले म्हणून ती लेकराला घेऊन पुढं निघून गेली होती, जणू ही बाई तिची कुणीच नव्हे.

"एवढ्या थंडीत अनवाणी? सून काही बोलली न्हाई?" त्या चर्चमधला फोटो बघून शेजारच्या सिंधूबाईंनी विचारलं.

"काहून बोलंल? देवाचं घर हाय ते. उलट माझ्या चपला हिनंच सांभाळल्या."

राजनंदिनीची मान खाली गेली. चपला तर सासूबाईंनीच पदराखाली धरल्या होत्या.