वरच्या खणातली सुरी

मी सुरी बोलतेय. वरच्या खणातली, पोलादाची, खरी सुरी. हे आधीच सांगितलेलं बरं. या बालवर्गात सुरी म्हटलं की सगळ्यांना ती पिवळीच आठवते.

कारखान्यातून निघाले ती एका हॉटेलच्या आचाऱ्याच्या हाती पडले. काय तोरा होता माझा! "माझ्या सुरीला हात लावाल तर बघा," असा त्याचा सगळ्यांना दम. पुढे तो थकला आणि मी त्याच्या लेकीकडे आले. लेक म्हणजे या वर्गाच्या ताई. त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा खणात ठेवून दिलं.

पिवळी प्लॅस्टिकची. धार म्हणाल तर नावालाही नाही, लोणी कापतानासुद्धा धापा टाकेल. पण पानगळ लागली, अंगणात पानांचा खच पडला, की वर्गात खाऊ करायची धमाल सुरू होते. सफरचंदाच्या फोडी करायच्या, त्यावर दालचिनीची पूड भुरभुरायची आणि डब्यात भरून घरी न्यायच्या. मग काय, "ताई, मला पिवळी! आधी मला!" मला एकानंही कधी मागितलं नाही. अंगाचा तिळपापड होतो माझ्या, खोटं कशाला बोलू?

मुलं यायच्या आत सफरचंदं अर्धी करते मी. बिया काढते मी. मग मला उंच फळीवर ठेवतात आणि तिथून त्या बयेचं कौतुक बघत बसायचं!

यंदा वर्गात एक पिटकू आली. सगळ्यांत लहान. काहीही सांगा, हात पाठीमागे आणि एकच उत्तर, "मला येत नाही." बटण लावायचं? येत नाही. चित्र रंगवायचं? येत नाही. दुपारी आजी न्यायला यायची आणि दारातच विचारायची, "आज काय केलंस गं, सोन्या?" पिटकू मान खाली घालायची. आजीचा चेहरा पडायचा.

खाऊच्या दिवशी सगळ्यांचे डबे भरले. पिटकूचा रिकामाच. पिवळी तिच्यासमोर पडलेली, पण ती हात पुढे करेना. मला बरं वाटलं. म्हटलं, बघा तुमच्या लाडकीची अब्रू!

तेवढ्यात ताईंनी मुलांकडे पाठ करून मला हळूच उचललं. अर्ध्या सफरचंदाला आतून, थेट सालीपर्यंत चीर दिली. मग साल वर करून ते पाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पिटकू, नुसतं दाबून तर बघ."

पिटकूनं एक हात पुढे केला. मग दुसरा. पिवळी धरून दाबली आणि खट्! दोन फोडी!

"मी कापलं!" ती केवढ्यानं ओरडली. आणि तिनं पिवळीचा मुका घेतला. पिवळीचा! माझ्या पात्यावर अजून रस ओला होता हो. मी फळीवर नुसती जळत होते.

दारात आजीनं विचारायच्या आत पिटकूनं डबा उघडला. "आजी, हे मी केलं!" आजीनं तिथेच फोड तोंडात टाकली. "अगं बाई, काय गोड कापलंयस!" असं म्हणत डोळे पुसले. गोड कापलंय म्हणे! आजीचं बोलणं ऐकून माझाही राग क्षणभर ढिला पडला. फार नाही, थोडासाच.

पुढच्या खेपेला ताईंनी मला परत हाती घेतलं. मी तयारच होते. पण त्यांनी पिटकूकडे पाहिलं, थांबल्या आणि मला तसंच फळीवर ठेवलं. पिटकू पिवळीवर दोन्ही हातांनी रेलली. जीभ बाहेर काढून दाबत राहिली. बराच वेळ लागला. फोड वेडीवाकडी निघाली, पण निघाली. चीर नाही, काही नाही. तिला माझी गरजच लागली नाही. पिवळीवर जळले होते त्यापेक्षा त्या दिवशी जास्त जळले.

आता मी पुन्हा फडक्यात आहे. ताई, एवढंच करा, मला धार लावून ठेवा. पुढच्या पानगळीला कुणीतरी हात पाठीमागे लपवून येईलच. आणि त्या पिवळीला माझ्या खणात ठेवू नका.