डेझीने घरी बसवलेले गवतयंत्र

मला पाहून लोक आधी विचारतात, "हे काय आहे?" आणि उत्तर मिळायच्या आत माझ्यावर ओला टॉवेल वाळत घालतात. मित्रांनो, मी टॉवेलची दांडी नाही. मी हाताने ढकलायचे, गवत कापायचे एक जुने यंत्र आहे. मला दोन चाके आहेत, लांब दांडा आहे आणि मध्ये गोल फिरणारी पोलादी पाती आहेत. मला ना वीज लागते ना पेट्रोल. ढकलणारा माणूस आणि थोडे तेल मिळाले की मी खूश.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या फिटरने माझ्या पात्यांत कागद धरून चाक फिरवले. कागदाचे सरळ दोन तुकडे झाले. "छान! पोटापुरतं कमावशील," असे म्हणून त्याने मला पुढे ढकलले. तेव्हापासून मला सगळ्यांनी पुढेच ढकलले आहे.

मला विकत घेतले दातांच्या एका डॉक्टरांनी. त्यांचा दवाखाना पुढे, घर मागे आणि दवाखान्यासमोर फाटकापर्यंत हिरवळ. दातांची रांग असो की गवताची, एखादे डोके वर आलेले त्यांना खपत नसे. दर रविवारी आमची फेरी निघे. खिडकीतून पेशंट म्हणत, "डॉक्टर, गालिचाच आहे हो!" मी फुगून जात असे. पेशंटचे गाल तर आधीच फुगलेले असत.

मग डॉक्टरांच्या सासूबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी आल्या आणि घरच्याच झाल्या. एका रविवारी त्या माझ्या पात्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"थांबा जावईबापू! एक पाऊल पुढे टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे."

त्यांच्या पायांशी जमिनीला चिकटलेला पानांचा झुबका होता. त्यातून एक देठ वर आला होता आणि त्यावर पांढऱ्या पाकळ्यांचे, पिवळ्या गोंड्याचे फूल होते.

"आई, हे तण आहे," डॉक्टर म्हणाले.

"तण कसलं? बाबुना आहे हा! उकळून प्यायला की डोकं शांत होतं. तुम्हाला तर रोज द्यायला हवा."

"ओळख पटल्याशिवाय मी काहीही पिणार नाही."

झाले! माझ्या शेजारीच पंचायत बसली. सासूबाईंनी पान चुरगळून हुंगले. "बाबुन्याचाच वास!"

"तो तुमच्या बोटांना लागलेल्या बामाचा आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बायकोने दुसरे पान चुरगळले. "आई, नुसता पाल्याचा वास येतोय गं."

बाबुन्याची पाने शेपूसारखी बारीक असतात. ही चमच्यासारखी होती. "आणि कडेला दाते आहेत," बायको म्हणाली.

"दात?" डॉक्टर एकदम पुढे वाकले. त्यांनी कामाचा भिंगाचा चष्मा चढवला आणि फूल मधोमध उभे चिरले. बाबुन्याचा गोंडा आतून पोकळ असतो, हे सासूबाईंनीच सांगितले होते. हा भरीव निघाला.

"पोकळी नाही. भरायची गरज नाही," डॉक्टर सवयीने म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे तणच. चालवा तुमचं यंत्र," असे म्हणून त्या आत गेल्या.

मी पाती सरसावली. पण डॉक्टर जागचे हलेनात. "अगं, हे एक फूल नाहीच!" ते ओरडले. "गोंड्यात शेकडो इवली फुलं आहेत! प्रत्येकाच्या तोंडाला पाच दाते! ही पांढरी पाकळीसुद्धा एक अख्खं फूल आहे!"

"आत पेशंट आ करून बसलाय," बायको म्हणाली.

"बसू दे. त्याला बत्तीसच आहेत."

मग चित्रांचे पुस्तक आले आणि नाव सापडले. ती कुरणातली डेझी होती, शेवंतीच्या गोतावळ्यातली. डॉक्टर सासूबाईंना हात धरून बाहेर घेऊन आले. "आई, नाव चुकलं, पण नजर नाही चुकली. तुम्ही आडव्या आला नसता तर मी हिचा चुरा केला असता."

त्या दिवसापासून मला भिंतीला टेकवले ते टेकवलेच. डॉक्टर आणि सासूबाई डेझीचे बी जमवू लागले. डॉक्टरांनी लाडाने खत घातले, तर गवतच एवढे माजले की डेझी दिसेना. "गोड खाऊ घालून दात किडवावेत तसं केलंत," सासूबाई म्हणाल्या. मग दोघांनी एका बाजूचे गवत खरवडून काढले, उघड्या मातीवर बी भुरभुरले आणि माती न लोटता नुसते हाताने दाबले. या बियांना उजेड लागतो म्हणे.

पहिल्या वर्षी नुसती पाने आली. उरलेले गवत वाऱ्यावर डोलू लागले. दवाखाना बंद पडला असे समजून पेशंट फाटकावरूनच परतू लागले. सासूबाईंच्या जिवाला ते लागले. "माझ्यापायी तुमचं नुकसान नको. मी मुलाकडे जाते. तुम्ही कापून टाका."

मी आशेने पाहिले. मित्रांनो, तेवढा स्वार्थी मी होतोच.

डॉक्टर म्हणाले, "आई, मुळं पक्की झाली की वरचं येतंच. माझा धंदाच आहे तो. कुठे जाऊ नका." आणि त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'दवाखाना चालू आहे. गवत मुद्दाम वाढवले आहे.'

पुढच्या वर्षी अंगण पांढरेशुभ्र झाले. पेशंट लवकर येऊन फुलांत बसू लागले. नंबर पुकारला तरी उठेनात.

फुले वाळली, बी गळले आणि एके दिवशी माझ्यावरचा टॉवेल उचलला गेला. कुरण वर्षातून एकदा कापावेच लागते, नाहीतर गवत डेझीला गिळते! मी जोशात धावलो आणि दोन पावलांत घास अडकून थांबलो. एवढे उंच गवत माझ्या आवाक्यातले नव्हते. डॉक्टरांनी विळ्याने कापून ते खाली आणले, बायकोने माझ्या पात्यांना तेल दिले, मग मी खर्रर्र करत निघालो. वाटेत डेझीची नवी रोपे लागली, तेव्हा डॉक्टरांनी मला चक्क कडेवर घेतले आणि पलीकडे नेऊन ठेवले.

मित्रांनो, अनोळखी रोप दिसले तर कापण्याआधी वाकून पाहा. आणि काम नसेल तेव्हाही आम्हाला कोरडे ठेवा, तेल देत जा. या वयात कडेवर बसायला मिळते. पण त्यासाठी आधी कामाला निघावे लागते आणि त्याला चाके शाबूत हवीत.