तिसरा रुमाल

मारुतीच्या पारावर माणसं टाचा उंचावून फरशीकडं बघत होती. फरशीवर दोन फडकी. एक नुसतंच पडलेलं, दुसऱ्यावर मुंग्यांची काळी रांग चढत होती. जयराज महाराजांनी बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “मुंगीला कवा कुणी लाच दिलीया का? ती खरंच बोलती.”

लोकांनी हात जोडले.

फडकी होती बनुबाईंची आणि त्यांची सून उत्कर्षाची, सकाळी जिच्या तिच्या लघवीत भिजवलेली. हे लिहिताना मला संकोच वाटतो. तिथं कुणालाच वाटत नव्हता.

उत्कर्षाला दोन-तीन महिने अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जात होतं. खाज आणि आग इतकी की धड बसवत नसे. लघवीला गेली की जळजळ. तहान तर कळशीनं भागत नव्हती. नवरा वीरधवल लष्करात, लांब सीमेवर. महाराजांनी निदान केलं होतं, परपुरुषाची सावली. मुंग्या सुनेच्या फडक्यावर चढल्या तर तिला आजच माहेरी धाडायचं, असं ठरलं होतं. तिची भरलेली पिशवी तिच्या पायाशी होती आणि ती पिशवीकडंच बघत होती.

मी त्यांचा शेजारी. जन्म वाचनालयाच्या कपाटांमागं गेला, चारचौघांत बोलायची सवय नाही. आपलंच चुकत असेल, असंही सारखं वाटत होतं. पण मला मधुमेह निघाला त्याच्या आधी आमच्या मोरीत अशीच रांग लागायची, आणि गोळ्या घेऊनही माझी साखर आटोक्यात नसते. म्हणून सकाळी मीही एक रुमाल तसाच भिजवून पिशवीत घालून आणला होता. तो फरशीवर ठेवला.

“तात्या, ह्ये आनि काय?” बनुबाईंनी विचारलं.

“माझाबी निवाडा होऊ द्या, वहिनी.”

थोड्या वेळानं रांगेला फाटा फुटला आणि मुंग्या माझ्या रुमालावर चढल्या.

“आता माझ्यावर कुणाची सावली, महाराज?”

“आवं तात्या, ह्या वयात?” मागून धनाजी म्हणाला. माणसं हसली.

गड्याची बाधा निराळी असते, तिला नारळ जादा लागतात, असं महाराज समजावू लागले. तेव्हा मी न ठरवलेलं बोलून गेलो. “तुमचा चहा बिनसाखरेचा का असतो? चौथं फडकं तुमचं ठेवूया का?”

महाराजांनी कप खाली ठेवला. मुंग्या लघवीतल्या साखरेला येतात हे त्यांना आमच्या आधीपासून ठाऊक होतं. दुपारच्या आत त्यांची गाडी गेली.

तीच भरलेली पिशवी घेऊन बनुबाई सुनेला कराडला दवाखान्यात घेऊन गेल्या. तपासणीत रक्तातली साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा त्रास बुरशीचा आहे, ही बुरशी बाईच्या शरीरात थोडी असतेच. साखर वाढली की फोफावते. कधी जंतूंवरच्या गोळ्यांनी, कधी गरोदरपणात. यात बाईच्या वागण्याचा दोष नसतो. औषधानं बरं होतं, साखर मात्र सांभाळावी लागते.

उत्कर्षा बरी आहे. मी दमलो आहे. पुढच्या वर्षी दुसरा कुणी येईल आणि लोक पुन्हा टाचा उंचावतील. मुंग्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त साखर दाखवली, बाकीचं आपण रचलं. घरातल्या बाईला असा त्रास असेल तर तिला दवाखान्यात न्या, तपासून घ्या. एवढं सांगायला रुमाल लागायला नको होता.